समोरून पाहिलेला बेडूक

इंटर सायन्सची परीक्षा तोंडावर आली, तरी दुलारीने आयुष्यात एकही बेडूक कापलेला नव्हता. ही गोष्ट फक्त शामकलाला ठाऊक होती, कारण दोन वर्षं दुलारीच्या वाट्याचे बेडूक तिनंच कापले होते.

नागपूरच्या त्या कॉलेजात जीवशास्त्राच्या वर्गात मुली दोनच, आणि दोघीही गोंदियाकडच्या. मुलांच्या टेबलावर त्यांना बसवायचं नाही, म्हणून खिडकीजवळ एक वेगळं टेबल दिलेलं. एका टेबलाला एक बेडूक. शामकला कापायची. दुलारी समोर बसून नावं सांगायची आणि आकृती काढायची. प्रोफेसर फेरी मारत यायचे तेव्हा काम चोख झालेलं असायचं आणि आकृती सगळ्या वर्गात सरस असायची. कोणी काय केलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. नीटनेटकं काही समोर दिसलं की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो, आणि प्रोफेसर झाला तरी तो माणूसच.

दुलारी बेडकाला हात लावत नव्हती त्याचं कारण तिच्या घरात होतं. तिचे वडील नत्थूलाल गोंदियाच्या बाजारात धानाचा व्यापार करत. घर वैष्णव, बोलणं हिंदी, चुलीवर कांदा-लसूण कधी चढला नाही. अशा घरातल्या मुलीच्या डोक्यात डॉक्टर व्हायचं खूळ शिरलं. नत्थूलालनी तो निर्णय बायकोवर सोडला. ज्या गोष्टीला हो म्हणायची हिंमत नसते आणि नाही म्हणवत नाही, ती गोष्ट नवरे बायकोवरच सोडतात. शांतीबाईंनी मुलीला तुळशीपुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की जीव मारणार नाही आणि मेलेल्या जिवाला हात लावणार नाही. “पेड़ पढ़ना, पत्ते पढ़ना, भगवान ने वो भी तो बनाए हैं,” असं त्या म्हणाल्या. दुलारीने शपथ घेतली. सतरा वर्षांच्या मुलीला नागपूर दिसत असेल तर ती कशाचीही शपथ घेते.

आता मात्र इकडे आड तिकडे विहीर झाली होती. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत प्रत्येकाला आपापला ट्रे आणि आपापला बेडूक. कापला नाही तर नापास. कापला आणि आईला कळलं तर शिक्षण तिथंच संपलं. रायपूरचं एक स्थळ वर्षभर थांबून होतं. पोरीची परीक्षा झाली की हो किंवा नाही कळवू, असं नत्थूलालनी त्यांना लिहिलं होतं, आणि हो-नाही सांगणार होत्या शांतीबाई.

शामकलाची अडचण वेगळी. तिचे वडील यादोराव गोंदियाजवळच्या नागरा गावापलीकडच्या एका खेड्यातले पोवार शेतकरी, शेतीवाडी चांगली. घरात पोवारी, गावात झाडीबोली आणि कॉलेजात इंग्रजी अशा तीन जिभा ती तोंडात बाळगून होती, त्यातली तिसरी जरा जड पडायची. हात मात्र तिचा असा, की बेडकाच्या केसाएवढ्या शिरेखालून दोरा ओवायची. पण कागद पुढे आला की सगळं बिघडायचं. चाचणी परीक्षेत ती लेखी पेपरात नापास झाली होती, आणि यादोराव “पोरीले शिकवून पायलं, आता पुरे” म्हणायला लागले होते.

म्हणून अभ्यासाच्या सुट्टीत दोघींनी ठरवलं, की आता आपली बाजू दुसरीला द्यायची. दुलारी छकड्यात बसून शामकलाच्या गावी आली. महाशिवरात्र जवळ आलेली. मैत्रिणीच्या घराच्या वाटेवर नागऱ्याचा महादेव आहे, तेव्हा अभ्यासही होईल आणि दर्शनही होईल, म्हणून शांतीबाईंनी हरकत घेतली नाही. सोबत त्यांनी राजगिऱ्याचे लाडू दिले.

गोठ्याला लागून पडवी होती. तिथं दोघींनी बस्तान मांडलं. लढाई नुकतीच संपली होती, कागद मिळायचा नाही, म्हणून लिहायला पाटी घेतली. पहिल्या दिवशी मास्तरकी दुलारीची.

“प्रश्न क्या है?”

“बेंडकाच्या हृदयाचं वर्णन करा,” शामकला म्हणाली.

“और चाचणी में तूने क्या लिखा था?”

“बेंडूक कोठं रायते, काय खाते, उनाऱ्यात चिखलात कसा झोपते. मंग हृदय.”

“हृदय कितव्या पानावर आलं?”

“तिसऱ्या.”

“तोपर्यंत तपासणारा टिकेल का?” दुलारीने पाटी पुसून टाकली. “जो नहीं पूछा, वो मत बता.”

“मंग दोन वरसं शिकली कायले मी?”

“शिकना अलग, लिखना अलग.”

शामकलाला हे मुळीच पटलं नाही. तिच्या मते ज्याला बेडूक राहतो कुठे हे माहीत नाही त्याला त्याचं हृदय विचारायचा अधिकारच नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण परीक्षा ही काही खरं-खोटं करायची जागा नव्हे. दुलारीने तिला एकेक सवय लावली. आधी सगळा पेपर वाचायचा. येतो तो प्रश्न पहिला घ्यायचा, अवघडाशी कुस्ती शेवटी. ‘वर्णन करा’ आणि ‘तुलना करा’ यांत फरक असतो. तुलना विचारली तर मधे रेघ मारून दोन बाजू करायच्या. आकृती आधी, मजकूर नंतर. पेन्सिलीला टोक, आकृती अर्धं पान, नावं सगळी एका बाजूला, रेघांवर रेघ जाता कामा नये. शामकला पाटी भरायची आणि दुलारी ती निर्दयपणे पुसायची. सून आली तर ही बाई तिचं काय करेल, असं शामकलाची आत्या आतून बघून म्हणाली.

चार-सहा दिवसांत फरक दिसायला लागला. हृदय पहिल्या ओळीत यायला लागलं.

मग शामकला सकाळी बोडीवर गेली. बोडी म्हणजे धानाच्या शेतात पाणी धरायला खणलेलं छोटं तळं. काठच्या ओल्या चिखलातून तिने दोन दांडगे बेडूक काढले आणि मडक्यात घालून आणले. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून ट्रे केलेला होता, तळाशी मेण ओतलेलं, टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे. क्लोरोफॉर्मची शिशी तिने गोंदियाच्या एका कंपाउंडरकडून गोड बोलून मिळवली होती.

“आता तुही बारी,” तिने कात्री पुढे केली.

दुलारीने हात मागे घेतला. “मला नाही जमणार. तुला माहीत आहे.”

“काऊन नाई जमनार? हात नाईत का?”

“माँ की शपथ है, शामकला.”

“तुह्या मायनं शपथ घातली. परीक्षेत तुही माय येऊन राहिली का कापाले?”

“तुला काय जातंय बोलायला,” दुलारी उसळली. “तुमच्याकडे रोज मासे चिरतात!”

“हाव, चिरतो. खातोबी. मंग?” शामकलाने कात्री ट्रेमध्ये टाकली. “दोन वरसं तुह्या बेंडकाचं पाप मी घेतलं, तवा तुले काई नाई वाटलं?”

हे दुलारीला लागलं. लागायलाच हवं होतं, कारण ते खरं होतं. शपथ तिची आणि रक्त शामकलाच्या हाताला, अशी सोयीस्कर वाटणी तिने कधी मोजलीच नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. शामकला गुरांना पाणी पाजून आली. दुलारी भिंतीकडे तोंड करून पडून होती.

उन्हं कलायला लागली तेव्हा दुलारी उठली, विहिरीवर गेली आणि हात धुऊन आली. माणसं बेडूक कापल्यावर हात धुतात, हिने आधी धुतले. पूजेला बसायच्या आधी धुवावेत तसे, कोपरापर्यंत.

शामकलाने बेडूक बेशुद्ध केला, पाठीवर निजवून काट्यांनी टोचला, आपली जागा दुलारीला दिली आणि स्वतः समोर जाऊन बसली.

दुलारी मोठ्यानं म्हणत गेली, “आधी कातडं उचलायचं. खाली स्नायू. मधोमध निळी शीर दिसते, तिला धक्का लावायचा नाही, बाजूने कात्री न्यायची.” पाठ तिला इतकं होतं की शामकलाच्या तोंडूनही एवढं नीट येत नसे. तिने दात आवळले आणि कात्री चालवली. दुसऱ्याच क्षणी ट्रे रक्तानं भरला. निळी शीर सरळ कापली गेली होती.

“होते पहिल्या बारीले,” शामकला म्हणाली. “पानी टाक. आता जठर दाखव.”

दुलारीने चिमट्याने डावीकडे उचकटलं. तिथं जठर नव्हतं. तिने आणखी खाली पाहिलं, मग वर पाहिलं, मग रडकुंडीला येऊन म्हणाली, “हा बेडूकच वेगळा आहे. याचं सगळं उलटं आहे.”

शामकलाने स्वतः बसलेल्या जागेवरून ट्रेमध्ये वाकून पाहिलं, आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. गोठ्यातल्या बैलांनीही माना वळवल्या.

“बेंडूक सरळच हाय वं. तूच उलटी हायेस!”

दोन वर्षं दुलारी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. सगळं जग बेडूक पायांकडून पाहतं, हिने डोक्याकडून पाहिला होता. जगाला जठर उजव्या हाताला दिसतं, हिला डाव्या. शामकलाची कात्री नेहमी तिच्या दिशेने यायची. आता तीच कात्री स्वतःपासून लांब न्यायची म्हटल्यावर हाताने घोटाळा केला. तिच्या त्या सुरेख आकृत्यासुद्धा अशाच झालेल्या, कागद उलटा धरून काढायच्या आणि शेवटी फिरवून द्यायच्या. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

दुलारीला हसू आलं नाही. “आता इतक्या दिवसांत दोन वर्षं कशी फिरवू?” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“तू कायले फिरवतं? ट्रे फिरव. बेंडूक काई म्हणत नाई.”

“परीक्षेत चालेल?”

शामकलाने जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. रोहिणीसंस्था, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिन्या, उघडून दाखवा, असं लिहिलेलं होतं. स्वच्छ आकृती काढा, नावं द्या, असं लिहिलेलं होतं. डोकं कोणीकडे असावं याबद्दल कुठंच अक्षर नव्हतं.

“इचारलंच नाई,” शामकला म्हणाली, “तं सांगाचं कायले?”

दुसरा बेडूक दुलारीने डोकं आपल्याकडे करून कापला. तिच्या घरी उपासासाठी ओले शिंगाडे सोलताना बायका चाकू आपल्याच अंगठ्याकडे ओढतात, आतल्या पांढऱ्याला खरचटू देत नाहीत. ती ओढ हातात लहानपणापासून होती. कातडं सुटलं, निळी शीर शाबूत राहिली, आणि हृदयातून वर निघणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तिन्ही कमानी तिने एकेक करून मोकळ्या केल्या. हृदय अजून हळूहळू हलत होतं. ते बघताना आपण पाप करतो आहोत हे ती विसरली आणि नंतर हेच तिला फार वेळ खुपत राहिलं.

विहिरीवर तिने कपड्यांसकट आंघोळ केली. त्या दिवशी जेवली नाही.

“परीक्षा झाली की माँ को बता दूँगी,” ती म्हणाली.

“सांगशीन तं रायपूरले जाशीन.”

“पता है.”

“तं सांगू नोको ना बापा! कोन पायले गेलं?”

“तूने देखा, मैंने देखा. और कितने चाहिए?”

शामकलाने कपाळावर हात मारला. तिला असला खरेपणा म्हणजे शुद्ध मूर्खपणा वाटायचा.

परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. लेखी पेपरात शामकलाचं लिहून वेळेआधी झालं, तेव्हा ती घाबरली, की नक्कीच काहीतरी विसरलं. काही विसरलं नव्हतं. जे विचारलं तेवढंच लिहिल्याचा तिचा हा पहिला प्रसंग होता. प्रात्यक्षिकाला दुलारीला रोहिणीसंस्थाच आली. तिने ट्रे फिरवून घेतला. बाहेरगावचे परीक्षक तिच्या टेबलाशी थबकले आणि डोकं आपल्याकडे का केलं म्हणून त्यांनी विचारलं. ती म्हणाली की मला असं स्पष्ट दिसतं. परीक्षक टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आले, वाकले आणि चिमट्याच्या टोकाने एकेक वाहिनी दाखवत गेले. तिने एकेक नाव सांगितलं. ते काही न बोलता पुढे गेले. परीक्षक काही न बोलता पुढे गेला तर ते चांगलं की वाईट, हे आजवर कोणत्याही विद्यार्थ्याला कळलेलं नाही.

पुढे जूनमध्ये निकाल लागला आणि दोघी पास झाल्या. शामकला काठावर झाली, पण झाली. पण दुलारीचं जे काही ठरायचं होतं ते निकालाची वाट बघत बसलं नाही. ती गोंदियाला परतली त्याच दिवशी ते ठरलं.

शांतीबाई अंगणात धान पाखडत होत्या. दुलारी उंबऱ्याबाहेरच थांबली.

“अंदर आ ना.”

“माँ, मैंने मेंढक काटे हैं. अपने हाथ से. शपथ तोड़ दी.”

सूप थांबलं. शांतीबाई रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पहले नहा ले.”

मागच्या दारी स्वतः तिच्या डोक्यावर पाणी घातलं, वरून गंगाजळ शिंपडलं, ताट वाढलं. एक शब्द नाही. दुलारीला वाटलं होतं की आई बोलेल, शाप देईल. त्याची तिने तयारी केली होती. या गप्प राहण्याची तयारी नव्हती. रायपूर पक्कं झालं असं समजून ती भातावर आसवं गाळत जेवली.

जेवण झाल्यावर शांतीबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि कडी घातली.

“अंदर क्या था?”

“किसके?”

“मेंढक के. क्या-क्या था अंदर?”

दुलारीने सांगितलं. हृदय, फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी. एक मादी निघाली, तिच्यात अंडी होती.

“अंडे कहाँ रहते हैं?”

दुलारीने स्वतःच्या पोटावर बोट ठेवून जागा दाखवली. शांतीबाईंनी ते बोट धरलं, मग सगळा हात धरला आणि स्वतःच्या पदराखाली नेऊन ओटीपोटावर डावीकडे दाबला.

“और यहाँ?”

हाताखाली काहीतरी घट्ट होतं. लिंबापेक्षा मोठं. दुलारीने हात काढायचा प्रयत्न केला, आईने काढू दिला नाही.

“कब से है?”

“छोटा गया, तब से.” छोटा म्हणजे दुलारीचा धाकटा भाऊ, तो चालायला लागायच्या आत गेला, त्यालाही बरेच उन्हाळे झाले होते.

“किसी को दिखाया?”

“किसको दिखाती? मर्द डॉक्टर को?” शांतीबाईंनी तिचा हात आणखी दाबला. “तू बता ना. तूने तो अंदर देखा है.”

सगळी नावं दुलारीला येत होती, उलट्या बाजूनं आणि सुलट्या बाजूनं, आणि त्यातलं एकही नाव या गाठीचं नव्हतं.

“माँ, मुझे मेंढक आता है. ये नहीं आता.”

“कब आएगा?”

“पाँच साल लगेंगे. पढ़ने दोगी तो.”

“तो पाँच साल बाद देख लेना. तब तक सह लूँगी.”

आईने ते इतक्या साधेपणानं सांगितलं, की जणू पाच वर्षं म्हणजे शेजारच्या गावचा बाजार. दुलारीला तिची दया आली आणि भयंकर रागही आला. तिने दोन्ही हातांनी आईचे खांदे धरले. एवढ्या मोठ्या आवाजात ती आईशी कधी बोलली नव्हती.

“नहीं! पाँच साल नहीं. नागपूर में लेडी डॉक्टर है. कल की गाड़ी से चलोगी मेरे साथ.”

बाहेर कोणीतरी भाजी विकायला आलं, दोन हाका मारून निघून गेलं.

“औरत है?”

“औरत है.”

“मेंढक काटे होंगे उसने भी?”

“बहुत, माँ.”

“और उसकी माँ ने काटने दिए?”

“दिए होंगे.”

शांतीबाईंनी पदर सारखा केला, उठल्या आणि कडी काढली. दारात नत्थूलाल उभे. दुकानातून जेवायला आले होते आणि दार बंद बघून गोंधळले होते. पोरगी आलेली पाहून त्यांनी घसा खाकरला आणि बायकोला विचारलं, “रायपूरवालों को क्या लिखूँ?”

“लिख दो,” शांतीबाई पाटावर ताट मांडत म्हणाल्या, “लड़की को फुरसत नहीं है. कल मुझे नागपूर ले जा रही है, फिर पाँच साल पढ़ेगी.”